मुसळीच्या फुलांची राखण

श्रावणात उजाडता उजाडता उकंडा थूल टमरेल घेऊन बरडीकडं निघाला, की गावातल्या बाया तोंडाला पदर लावायच्या. "बाप्पा! घरी संडास हाय, नळाले पानी हाय, तरी या बुढ्याले बरडीच लागते," असं त्याच्या कानावर पडेल इतपत मोठ्यानं कोणीतरी म्हणायचंच. एका वर्षी उघड्यावर बसणाऱ्यांना पकडणाऱ्या गुडमॉर्निंग पथकानं त्याला नाल्यावर धरला. गुलाबाचं फूल हातात दिलं, फोटो काढला, चार शब्द सुनावले. उकंड्यानं मान खाली घालून ते फूल घेतलं आणि "चुकलं साहेब" म्हणाला. पथकातल्या एकानंही टमरेलात डोकावून पाहिलं नाही. त्यात पाण्याचा थेंब नव्हता. चारदोन पांढरी फुलं होती, आणि साहेब लोकांची जीप वळल्यावर ती त्यानं नाल्यात सोडून दिली.

ती मुसळीची फुलं. पाऊस मुरला की बरडीवरच्या सागाखाली गवतासारखी पात वर येते. जाणारा-येणारा तिला गवतच समजतो. श्रावणाच्या तोंडाला पातीच्या मधून एक दांडा निघतो, आणि त्यावर सकाळच्या पारी सहा पाकळ्यांची चांदणी उघडते. तिथं गवताचं सोंग संपतं. कारण त्या पातीखाली बोटांएवढ्या पांढऱ्या मुळांचा झुबका असतो, आणि ताकदीच्या औषधापायी त्या मुळांना गिऱ्हाईक असतं. जुनी माणसं पात पिवळी पडून बी गळाल्यावरच खणायची; मुळं काढून वरचं डोकं पुन्हा त्याच खड्ड्यात बसवायची. व्यापाऱ्यांची माणसं तेवढी वाट पाहत नाहीत. पात वाळली की झाड कुठं होतं तेच सापडत नाही, म्हणून ती फुलावरच खणतात. फूल दिसलं की कुदळ.

कळंबहून राळेगावकडं जाणारा रस्ता सोडून आत वळलं, की कपाशीच्या आणि सोयाबीनच्या वावरांपलीकडं ही बरडी दिसते. मुरमाड, दगडगोट्याची टेकडी. उकंड्याचं सारं आयुष्य तिच्या पायथ्याशी गेलं. आधीची लेकरं जगली नाहीत म्हणून जन्मल्याबरोबर त्याला उकिरड्यावर ठेवलं होतं आणि आत्यानं "सापडला, सापडला" म्हणत उचलून घरात आणलं होतं. त्यावरून नाव उकंडा. "मी खतातच जलमलो," असं तो स्वतःच सांगायचा. तरुणपणी रोपवाटिकेत पिशव्यांमध्ये माती भरायचं काम केलं, मग लोकांच्या वावरात फवारणी. एका हंगामात कपाशीच्या पऱ्हाटीत फवारता फवारताच तो आडवा झाला. डोळ्यांपुढं अंधारी, तोंडाला फेस. दवाखान्यातून घरी आणल्यावर त्याच्या बायकोनं, इंदूबाईनं, पाठीवरचा तो पंप उचलला आणि मालकाच्या अंगणात नेऊन ठेवला. "आमच्या घरी हे मशीन पुन्हा येनार नाही," एवढंच बोलली आणि परत आली.

तेव्हापासून घरामागची वाडी हाच दोघांचा धंदा. शेणखत, पालापाचोळा, निंबोळीचा अर्क. दुसरं काही नाही. इंदूबाई तण म्हणून काही उपटू द्यायची नाही. तरोटा, चिवळ, कुंजरू, जे आपोआप उगवेल त्याचीही भाजी व्हायची. शेजारचे हसायचे, "इंदूबाईची वाडी हाय का जंगल हाय?" ती म्हणायची, "जंगलच हाय. या, वाघ दाखवतो."

इंदूबाईचं माहेर बोरी अरबच्या बाजूचं. लहानपणी मायसोबत ती मुसळीची कोवळी पात भाजीसाठी खुडायला जायची. फुलं लागली की पात कडू होते, म्हणून मग कोणी जायचं नाही, आणि टेकडी नुसती पांढरी होऊन जायची. "कोनं लाह्याची टोपली उपडी केली जनू," असं ती सांगायची. लग्न होऊन आली तेव्हा ही बरडीही तशीच होती. पुढं माहेरची टेकडी खणून संपली, मग इथली. कोणत्या वर्षी संपली ते गावात कोणाच्या ध्यानात नाही. मुसळी गेल्याचं कोणाला कळलंही नाही. इंदूबाईला कळलं. दर श्रावणात ती परसात उभी राहून बरडीकडं पाहायची आणि काही न बोलता आत जायची.

मग एका पावसाळ्यात सरपणाला गेली असताना, एका मोठ्या खडकाच्या आडोशाला तिला एक ताटवा सापडला. दुसऱ्या दिवशी ती उकंड्याला घेऊन गेली. उकंडा पाहतो तर बाई खाली बसून एकेक फूल खुडते आहे.

"हे काय करून राह्यली वं?"

"फुलं खुडून राह्यली. फूल नाही तं मुसळी नाही. गवत हाय."

"अवं, पन तुलेच तं फुलं पाह्याची होती ना?"

"पाह्यली ना. खुडता खुडता पाह्यली." तिनं ओंजळ पदरात रिकामी केली. "आन् कोनाले सांगू नका. दीपालेबी नाही."

दीपा त्यांची एकुलती एक. नागपूरला नर्स आहे, तिथंच लग्न, तिथंच संसार. तिला का सांगायचं नाही हे त्यानं विचारलं नाही. इंदूबाईनं सांगितलं की त्याच्यापुरतं ते पक्कं.

त्यानंतर दर श्रावणात सकाळी ती वर जायची. उकंड्यानं बोरीच्या काट्या तोडून ताटव्याभोवती कुंपण घातलं, आणि तांड्यावरच्या किसनसिंगच्या बकऱ्या तिकडं फिरकेनाशा झाल्या तेव्हा तो स्वतःवर फार खूश झाला. शेवटच्या पावसाळ्यात इंदूबाई तापानं खाटेवर होती. उकंडा वरून आला की ती डोळे न उघडता विचारायची, "खुडली का?" "खुडली." "लय होती का?" "होती बाप्पा." पोळ्याआधीच ती गेली.

पुढच्या श्रावणापासून दीपाचे फोन सुरू झाले.

"बाबा, पावसाळ्यात एकटे राहू नका तिथं. इकडं या."

"दिवाळीले येतो."

"दिवाळीले मलेच ड्युटी रायते! आत्ता काहून नाही येत? कोन्ती राजगादी हाय तुमची तिथं?"

"वाडी हाय ना माय."

"वाडीले काय पाय फुटनार हाय का?"

तो हसायचा आणि फोन खाली ठेवायचा. वाडी चार दिवस कोणीही पाहिली असती. वरचं काम दुसऱ्या कोणाला सांगता येण्यासारखं नव्हतं. आणि खरं सांगायचं तर ते काम राहिलंच नव्हतं. ती भेट होती. दांडा नखाखाली धरला की टच असा बारीक आवाज होऊन फूल हातात यायचं. डोळे मिटले की तो आवाज तिच्या बोटांचाही असू शकायचा. खुडता खुडता तो तिला गावातलं सांगायचा. कोणाची म्हैस व्याली, कोणत्या वावरात कोणतं औषध मारलं, वाडीत यंदा वाल कसा आला. पाऊस असला तरी तो डोक्यावर पोतं घेऊन जायचा. बारा महिन्यांतले हे थोडे दिवस त्याचे होते. बाकीचे नुसते काढायचे होते.

झाडं मात्र कमी होत चालली होती. त्याच्या नजरेला ते दिसत होतं. रानडुकरं उकरत असतील, असं त्यानं मनाला सांगितलं आणि कुंपणाला आणखी काट्या लावल्या.

गेल्या श्रावणातली गोष्ट. किसनसिंगची बायको लालीबाई वाडीत आली होती. दरवर्षी ती यायची, आणि इंदूबाई तिला राखेत घोळलेलं दोडक्याचं, वालाचं, लाल माठाचं बी पुरचुंडीत बांधून द्यायची. इंदूबाई द्यायची म्हणून तिच्यामागं उकंडाही देत राहिला. बी घेतल्यावर लालीबाई म्हणाली, "भाजीले दोन दोडके नेतो गा भाऊ," आणि वेलाकडं वळली. उकंडा पुरचुंडी बांधत होता. त्यानं मान वर केली आणि जवळजवळ ओरडला, "अवं, थो नको तोडू! चिंधी बांधली दिसत नाही का? बेन्याचा हाय थो!"

"बाप्पा बाप्पा, केवढा वरडते बुढा," लालीबाई म्हणाली. "नाही तोडत. दोडका हाय का सोन्याचा तोडा?"

ती दुसरे दोन दोडके ओच्यात घालून गेली तरी उकंडा तिथंच उभा होता. त्या चिंधीकडं पाहत. वेलावरचा पहिला, चांगला, सरळ दोडका राखायचा, त्याला चिंधी बांधायची, कोणी कितीही उपाशी असो त्याला हात लावायचा नाही, तो वेलावर वाळू द्यायचा; हे त्याला चालता येऊ लागल्यापासून ठाऊक होतं. प्रत्येक वेलाला, प्रत्येक झाडाला. आणि वर बरडीवर त्यानं इतक्या पावसाळ्यांत एकही फूल बेण्यासाठी सोडलं नव्हतं. फूल नाही तर बी नाही. बी नाही तर म्हातारी झाडं जातील तशी जागा रिकामी होणार. डुकरांचा काही दोष नव्हता. मुसळी तो स्वतःच संपवत होता, रोज सकाळी, नेमानं, तिच्याशी गप्पा मारत.

इंदूबाईला हे कळलं नसेल? बियाणं राखण्यात तर ती त्याच्याही पुढं होती. काही वर्षांपुरतं, माणसांची नजर हटेपर्यंत खुडायचं असं तिच्या मनात असेल, आणि मग ताप आला असेल. की भीतीनं तिलाही भूल पडली असेल? आता विचारायचं कोणाला?

दुसऱ्या सकाळी तो वर गेला. टमरेल खाली ठेवलं. फुलं उघडली होती, दवानं जड झालेली. त्यानं एक दांडा दोन बोटांत धरला आणि तसाच धरून बसला.

"सांग आता काय करू," तो म्हणाला. "तू म्हनली खुड. खुडलं तं ही संपते. नाही खुडलं तं लोक नेतीन. सांग ना."

वाऱ्यानं सागाची पानं वाजली, एवढंच. त्यानं दांडा सोडला. मग दुसरा नाही धरला. करायला काही नसलेले हात त्याला आपलेच वाटेनात. थोड्या वेळानं एक बारकी माशी आली, फुलात शिरली, पाय पिवळे करून दुसऱ्यात गेली. बाजूच्या वावरांत एवढं विष मारलेलं, ही कुठून आली? वाडीतली असेल, असं त्याला वाटलं, आणि कालपासून पहिल्यांदा त्याला जरा बरं वाटलं.

पण उतरताना नाल्यावरून त्यानं मागं वळून पाहिलं. खडकाच्या कडेला पांढरे ठिपके दिसत होते. ज्याला ठाऊक आहे त्यालाच दिसावेत इतके बारीक, पण दिसत होते.

त्यानंतर तो दिवसभर नाल्याजवळ बसू लागला. वाडीतलं काम तसंच राहिलं. आणि एका दुपारी फटफटी आली. दोन जण, अंगात चांगले कपडे, मागं पोतं गुंडाळलेलं. नाल्याच्या काठावर किसनसिंग बकऱ्या घेऊन बसला होता. जुन्या काळी हाच किसनसिंग व्यापाऱ्यासाठी मुसळी खणायचा, हे अख्ख्या गावाला ठाऊक होतं. फटफटी नेमकी त्याच्यापुढं थांबली. उकंडा पलीकडच्या पळसाखाली होता; तो खोडाला चिकटून बसला.

"काका, इकडं मुसळी हाय म्हनते ना?" मागं बसलेल्यानं विचारलं. "तुम्ही खनत होते म्हने."

किसनसिंगनं बिडी तोंडातून काढली. "कोन म्हनते?"

"कोनी असंन. हाय का?"

"होती ना. भल्ली होती." त्यानं बरडीकडं हात केला. "सारी म्याच खनली आन् म्याच खाल्ली. काहून, माह्या तब्येतीवरून दिसत नाही का?"

किसनसिंग म्हणजे बाभळीची काडी. गालांचे खड्डे असे की बिडी ओढताना गाल एकमेकांना भेटत. त्या दोघांनी त्याच्याकडं पाहिलं, एकमेकांकडं पाहिलं.

"मजाक नका करू, काका."

"मजाक नाही. तरी सांगतो, चढा वरतं. नागाचं बिळ हाय खडकापाशी, मागच्या हप्त्यात माही बकरी गेली. पोतं आनलं तेवढं बरं केलं. तुमाले उतरवाले कामी येईन."

फटफटी थोडा वेळ तिथंच घुरघुरत राहिली, मग वळली. आवाज रस्त्याकडं जाऊन मिटेपर्यंत उकंडा हलला नाही.

"ये ना इकडं," किसनसिंग ओरडला. "पयसाले काय चिटकला! ये, बिडी घे."

उकंडा येऊन बसला. "तुही बकरी कवा मेली?"

"कोन्ती बकरी?"

उकंड्यानं बिडी पेटवली. मग उकंड्यानं विचारलं, "तुले ठाव होतं?"

"काय?"

"वरतं... खडकापाशी."

"अबे, मी पातीवरून वळखतो. फूल कायले लागते मले?" किसनसिंग खोकत हसला. "रोज सकारी तू टमरेल घेऊन वरतं जाते, आन् सारं गाव तुले नावं ठेवते. मी लालीले म्हनो, या बुढ्याचं पोट बिघडलं का डोकं बिघडलं?"

"मंग खनलं काहून नाही?"

किसनसिंगनं बकऱ्यांकडं पाहिलं. एक भुरी शेळी उताराकडं निघाली होती. त्यानं खडा उचलून तिच्या पुढ्यात नेमका मारला. ती परत फिरली.

"इंदूबाई आलती तांड्यावर," तो म्हणाला. "माह्या दारात बसली. पानीबी घेतलं नाही. म्हने, भाऊ, तेवढा एक ताटवा राहू दे. मी म्हनलं, बाई, माह्या पोटाचं काय? म्हने, मी लालीबाईले दरसाल वाडीचं बी देतो, तुह्या घरी भाजी कमी पडू देनार नाही. झाला सौदा. तवापासून बकऱ्याबी वळतो तिकडून."

"कुंपन मी घातलं होतं..."

"थे कुंपन? दोन उड्या नाही लागत माह्या भुरीले."

उकंड्यानं वर बरडीकडं पाहिलं. मग तो म्हणाला, "पन ती गेली तं सौदा सुटला ना भाऊ."

"काहून सुटला? तू बी देत राह्यला. मी वळत राह्यलो." किसनसिंगनं बिडी दगडावर विझवली. "सांगतलं नव्हतं का तुले तिनं?"

नव्हतं सांगितलं. त्या रात्री उकंड्याला राग आला, बायको गेल्यापासून पहिल्यांदा. आपल्याला एक गोष्ट सांगून ती दुसरी परस्पर करून आली. दाराशी बसली असेल कशी, पदर कसा घेतला असेल, कोणत्या आवाजात बोलली असेल. हे किसनसिंगनं पाहिलं आणि आपण नाही. तिचा एक सबंध दिवस आपल्याला ठाऊक नव्हता. असे आणखी किती असतील? रागाचं पुढं काय झालं ते त्याचं त्यालाही कळलं नाही. सकाळी उठला तेव्हा तिची इतकी आठवण येत होती की चहा तसाच राहिला. त्यानं नागपूरला फोन लावला.

"दीपा, तूच ये. श्रावण सरायच्या आत. तुले काही दाखवाचं हाय."

"बरं नाही का वाटत? बाबा? खरं सांगा!"

"बरा हाओ मी. तू ये."

दीपा एका दिवसाची सुट्टी काढून आली. एसटी उशिरा पोचली, रस्त्यात गाडी बिघडली होती. उकंडा फाट्यावर सकाळपासून उभा. ती उतरल्यावर घरीही न नेता त्यानं तिला सरळ बरडीकडं वळवलं. ती मागून चिखल चुकवत, चपला हातात घेऊन, "कुठं नेऊन राह्यले? जमीन-बिमीन घेतली का?" असं विचारत चढत होती. वर पोचली तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. फुलं मिटून गेली होती. दांड्यांवर सुतळीच्या टोकासारखे सुकलेले पीळ तेवढे होते.

उकंड्यानं सगळं सांगितलं. लाह्यांची टोपली, खुडणं, टमरेल, किसनसिंग. दीपा खडकाला टेकून ऐकत होती. टमरेलापाशी ती हसली, पथकापाशी आणखी हसली, आणि मग एकदम थांबली.

"आईनं मले काहून नाही सांगतलं?"

उकंडा पातीवरची माती बोटानं पुसत राहिला.

"मी कोनाले सांगतलं असतं का?" ती म्हणाली. "मी लहानपनी विचारलं होतं तिले, आई, तू परसात उभी राहून काय पाह्यतं. म्हने, काही नाही, ढग पाह्यतो. मले वाटे हिले ढगच आवडते."

"तुले शिकाचं होतं," उकंडा म्हणाला. "जाचं होतं. ती म्हने, पोरीच्या पायात इथलं काही अडकू नये." हे इंदूबाई खरंच म्हणाली होती का, हे त्याला सांगता आलं नसतं. पण बोलता बोलता त्याला ते तिच्या आवाजात ऐकू आलं.

दीपानं एक मिटलेलं फूल दोन बोटांत अलगद धरलं. तिची बोटं आईसारखीच होती, लांब, पेरांवर जाड. उकंड्यानं तिकडं पाहिलं आणि मान फिरवली.

"आता कवा उघडन हे?"

"हे नाही उघडत. उद्या दुसरं उघडन. उजाडता."

"उद्या मले ड्युटी हाय बाबा."

"हो ना."

संध्याकाळच्या गाडीनं ती गेली. खिडकीतून म्हणाली, "पुढच्या वर्षी येतो मी. चार दिवस. आधीच सुट्टी टाकून ठेवतो." गाडी दिसेनाशी झाली तरी तो फाट्यावर उभा होता.

भादव्यात बोंडं धरली, पात पिवळी पडली. तीन कडांचं बारीक बोंड वाळून उकललं की आत कांद्याच्या बियांसारखे काळे दाणे. उकंड्यानं एकही दाणा काढला नाही. वाडीत आणून लावायचा मोह त्याला फार झाला. पण वाडीची काळी माती पाणी धरते, आणि त्यात ही मुळं कुजतील हे त्याला कळत होतं. जिथं पडतील तिथं पडू दे. एका दुपारी वाऱ्याबरोबर काही दाणे त्याच्या डोळ्यांदेखत गळाले. कुठं पडले ते शोधायला तो गुडघ्यावर बसला, पालापाचोळा वर-खाली केला. सापडले नाहीत.

आश्विनात तिथं काहीच उरलं नाही. पात मातीला मिळून गेली. खडक, मुरूम, सागाची जाळीदार पानं. इथं काही होतं असं सांगून कोणाला पटलं नसतं. बी रुजतं की नाही ते पुढच्या पावसाशिवाय कळणार नव्हतं. रुजलं तरी पहिल्या वर्षी नुसती केसाएवढी पात, आणि फुलाला आणखी पावसाळे. तोवर आपण असू की नाही याचा हिशेब उकंडा करत नव्हता.

बकऱ्या घेऊन जाणाऱ्या किसनसिंगनं त्याला वर चढताना पाहिलं आणि खालून हाक मारली. "काय गा भाऊ! आता कायले जातं? काही तं नाही तिथं."

"नाही," उकंडा म्हणाला, आणि चढत राहिला.